सरकवलेली लाल रेघ

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रत्नमालाबाई दाभाडे यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. सासरे सांडू दाभाडे यांच्याकडून त्या हे काम शिकल्या, आणि कामाबरोबर संशय घेणंही. ट्रकवाले जाळीत हळद टाकून गळती झाकतात आणि वर शपथ घेतात की पाणी कधी कमीच झालं नाही. तीस वर्षं हे ऐकून बाईंचा गिऱ्हाइकाच्या तोंडावर भरवसा उरला नव्हता.

मार्चमध्ये एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा शर्ट. रुमालात गुंडाळलेला छोटा ऑइल कूलर, इंजिनाचं तेल थंड करणारी जाळी, त्यांनी फळीवर ठेवला.

"जनरेटरचा आहे. इंजिन तापतंय. आतून साफ करून द्या."

बाईंनी तो हातावर तोलला. "जनरेटर एका जागी बसून राहतो. त्याला इतकी हलकी वस्तू कोण लावंल?"

गृहस्थ रस्त्याकडं बघू लागले. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चोरीचा माल दुकानात निघाला म्हणून सासऱ्यांना दिवसभर चौकीत बसावं लागलं होतं. बाईंनी कूलरमधून तेल सोडून पाहिलं. धार मोकळी पडली.

"हा साफच हाय. दोष दुसरीकडं हाय. इंजिन दाखवा, नायतर हे घेऊन जा."

कूलर पुन्हा रुमालात गुंडाळत गृहस्थ म्हणाले, "चला. पण कुणाला सांगू नका."

चार गल्ल्या सोडून एका शेडमध्ये त्यांनी ताडपत्री ओढली. आत दोन माणसं बसतील एवढं विमान होतं. गृहस्थांचं नाव सुदर्शन औताडे. एका कारखान्यातून निवृत्त झालेले. सात वर्षं खपून त्यांनी ते स्वतः बांधलं होतं आणि लोक हसतील म्हणून लपवलं होतं. बाई हसल्या नाहीत. हे उडेल यावरही त्यांचा विश्वास बसला नाही.

इंजिन हवेवर थंड होणारं होतं. पुढच्या दोन तोंडांतून हवा आत यायची, सिलेंडरवरच्या पातळ धातूच्या पापुद्र्यांमधून खाली उतरायची आणि पोटाखालून बाहेर पडायची. मागचे दोन सिलेंडर जास्त तापत होते. औताडेंना पुढची तोंडं मोठी करायची होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आलेली हवा खरंच कामाला लागती का, ते आधी बघू."

त्यांनी शेडचं दार ओढून अंधार केला आणि इंजिनाखाली बल्ब पेटवला. हवा वळवायला सिलेंडरभोवती उभे केलेले पत्रे आणि त्यांच्या रबरी पट्ट्या यांच्या फटींतून उजेड वर आला. एका कोपऱ्यात तर करंगळी जाईल एवढी फट होती.

"जिथून उजेड येतो तिथूनच हवा पळती. आन खालचं भोक बघा केवढंसं हाय. जायला वाट नसली तर नवी हवा आत येईल कशी?"

औताडे वाकून बघत राहिले. तेवढ्यात बाईंची नजर बसायच्या जागेपुढच्या तापमानाच्या घड्याळावर गेली. काचेवर धोक्याची लाल रेघ होती, आणि तिच्या अलीकडं खरवडल्याची खूण.

"ही रेघ कुणी ओढली?"

"मीच."

"आधी कुठं होती?"

औताडेंनी खरवडलेल्या खुणेवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाले, "अलीकडं. काटा रोज रेघ ओलांडायचा. माझं वय चाललंय, बाई. अजून किती थांबू?"

"ड्रायव्हर हळद टाकतो, तुम्ही रेघ सरकवली," बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

चार दिवस त्यांना राग होता आणि काळजीही. हा माणूस तसाच उडाला तर? पाचव्या दिवशी औताडे स्वतः आले. रेघ जागेवर आणली होती, पुरावा म्हणून इंजिनाच्या पुस्तकातलं कमाल तापमानाचं पान आणलं होतं. बाईंनी पानाचा फोटो काढून पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या लेकीला, निशाला पाठवला. आकडा बरोबर असल्याचं तिनं कळवलं, तेव्हा कुठं त्या शेडवर जायला उठल्या.

दोन महिने रविवारी काम चाललं. फटी सिलिकॉनच्या पट्ट्यांनी बंद झाल्या. खालचं भोक रुंद केलं आणि त्याच्या पुढच्या कडेला पत्र्याचा तिरपा ओठ दिला, म्हणजे बाहेरचा वारा आतली हवा ओढून घेईल. मेच्या भर दुपारी विमान शेडबाहेर दोरांनी बांधून वीस मिनिटं इंजिन चालवलं. काटा रेघेच्या बराच खाली थांबला.

"घड्याळाच्या तारा बदला," बाई म्हणाल्या. "मागच्या सिलेंडरची तार पुढं, पुढची मागं. काटा खोटं बोलत असंल."

तारा बदलून पुन्हा चालवलं. काटा तेवढाच, म्हणजे खोटं बोलत नव्हता.

उडायच्या परवानगीच्या कागदपत्रांना दिवाळी उलटली. मग दूरच्या एका खासगी धावपट्टीवर औताडे अकरा मिनिटं उडाले. बाई तिथं गेल्या होत्या. विमान थांबल्यावर त्यांनी इंजिनाचं झाकण उघडायला लावलं आणि प्रत्येक पट्टी बोटानं दाबून पाहिली.

"सगळ्यात वर काटा कुठं गेला होता?"

"चढताना रेघेच्या अगदी जवळ," औताडे लगेच म्हणाले. "एकच घर राहिलं होतं. मी घाबरलो, विमानाचं नाक खाली घेतलं, मग काटा उतरला."

बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. सगळं झकास झालं असं सांगता आलं असतं. वर विमानात काटा बघायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच त्या माणसाचं बोलणं तपासून न बघता खरं मानलं.

"मग खालचं भोक अजून अर्धा इंच पायजे," त्या म्हणाल्या. "रविवारी येते. तवर उडू नका."

"नाही उडत, ताई," औताडे म्हणाले, आणि रविवारपर्यंत ते उडाले नाहीत.