शेटे सरांचा बोकड

भाषण सुरू झालं की शेटे सर खिशातून पेन्सिल काढत. कार्यक्रमाचीच निमंत्रणपत्रिका मांडीवर उलटी धरत आणि वक्त्याकडे इतक्या भाविकपणे बघत, की त्याला वाटे, निदान एक तरी माणूस मुद्दे टिपून घेतोय. तो आणखी अर्धा तास बोले. इकडे पत्रिकेच्या पाठीवर एक बोकड त्या वक्त्याच्या गळ्यातला हार खात असे.

राहुरीजवळच्या आमच्या हायस्कुलात शेटे सर चित्रकला शिकवत आणि मी विज्ञान. त्यांच्या चित्रकथांचा नायक हा बोकड. तो कुठल्याही सत्कारात घुसे, हारतुरे फस्त करी, माईकची वायर चावे आणि पाहुणे ‘संस्कार’ हा शब्द उच्चारत असतानाच व्यासपीठावर लेंड्या टाकी. त्याला कधी शिक्षा होत नसे आणि उपरती तर नाहीच नाही. सर झेरॉक्स काढून, पिना मारून अंक करत. साखर कारखान्यातले कारकून, एसटीचे कंडक्टर, कृषी विद्यापीठातले डॉक्टरेटवाले, सगळे ते वाचत आणि सगळे लपवून वाचत. रक्तदाबाची गोळी घेणारी ही माणसं बोकड दिसला की पोट धरून हसत. ज्याच्यापुढे दिवसभर मान तुकवायची, त्याचा हार कुणीतरी खातंय, यासारखं सुख नाही. मीही ते सुख मनसोक्त घेतलं.

मुख्याध्यापकांना मात्र कशातही बोध लागे. एकदा त्यांनी विचारलं, “सर, यातून घ्यायचं काय?”

“काय बी न्हाई. बोध पायजे तर सकाळी प्रार्थना हाय की.”

“अहो, पण वयाला शोभतं का हे?”

“शोभंल असंच तर दिसभर करतोय, सर,” असं म्हणून शेटे सर चहा प्यायले. मुख्याध्यापकांनी तो अंक जप्त केला आणि घरी नेला. तो काही परत आला नाही.

घोटाळा झाला तो संस्थेच्या अध्यक्षांमुळे. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर एक अंक सापडला. मुखपृष्ठावर बोकड. चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचं, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. पन्नाशीच्या माणसाने चित्रं बघून हसणं म्हणजे डोक्यात काहीतरी कमी. अध्यक्षांनी पान उलटायचे कष्ट घेतले नाहीत; सत्कार करायला वाचावं थोडंच लागतं. संस्थेच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी सरांना ‘आदर्श बालसाहित्यिक’ जाहीर करून टाकलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष हत्तीएवढे, सर टिकलीएवढे आणि बोकड नव्हताच.

“गप शाल घेतली तर नोकरी सुखाची हाय,” आदल्या दिवशी सर मला म्हणाले. “पन मग हे बोकडाला पाचवीच्या वर्गात बांधनार, आन त्याच्या तोंडात तात्पर्य कोंबनार.”

झालंही तसंच. समारंभात अध्यक्ष म्हणाले, “हे अंक आपण पाचवी ते सातवीला वाटू. फक्त प्रत्येक गोष्टीखाली सर एकेक तात्पर्य लिहून देतील.” मग त्यांनी शाल उलगडली. सरांनी माईक मागून घेतला.

“साहेब, शाल राहू द्या. हे पोरांसाठी न्हाई. बोकड नुसता ब्यां करून ओरडला तरी पोरं हसत्यात, त्यास्नी माझी गरज न्हाई. दिसभर हसू दाबून बसनाऱ्या मोठ्या मानसांसाठी हाय हे. आतल्या पानावर तुमी बी हाय, बघा.”

अध्यक्षांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, पान उलटलं. त्यांची मान लाल झाली. सभागृहात कुणी हसलं नाही. आमच्या रांगेतले सगळे शिक्षक आपापल्या चपला न्याहाळत होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांच्या निषेधाचा ठराव झाला. मांडणाऱ्याच्या घरी बोकडाचे सगळे अंक होते, अनुमोदन देणाऱ्याच्याही होते. असल्या माणसांची मला किळस येते आणि ती लपवावी असं मुळीच वाटत नाही. मी सही केली नाही. त्यात शौर्य कसलं, मी लवकरच निवृत्त होणार होतो. सरांची बदली जामखेडकडच्या शाखेत झाली. तिथे चित्रकलेचा तासच नव्हता, म्हणून त्यांना भूगोल दिला.

निरोप द्यायला स्टँडवर मी एकटाच. न राहवून म्हणालो, “सर, त्या दिवशी गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?”

“गप बसायला आख्खी नोकरी हुती की,” ते म्हणाले. “तेवढ्या बोकडापुरता मी गप नव्हतो. त्याच्यावर बी शाल टाकू दिली असती, तर माझं म्हनून काय राहिलं असतं?”

मागच्या वर्षी तिकडेच ते हृदयविकाराने गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आमच्याकडे दहाव्याला घाटावर माईक लावतात आणि पुढारी मंडळी गेलेल्या माणसावर भाषणं करतात. अध्यक्ष स्वतः श्रद्धांजली वाहणार असल्याचा मेसेज मोबाईलवर आला. त्यात सरांच्या नावाआधी ‘ज्येष्ठ बालसाहित्यिक’ असं लिहिलं होतं. मी गेलो नाही.