ज्योतीरामचा लिव्हिदौटपे

ज्योतीरामला काय झालंय हे सगळ्या चिंचवडात सर्वांत आधी अंबूबाईला कळलं, आणि ते तिला चुकीचं कळलं.

साल छप्पन्न, डिसेंबरचे दिवस. पुणे स्टेशनात बावीस वर्षं नोकरी केलेला, पहाटेच्या गाडीनं जाऊन दिवेलागणीला परतणारा ज्योतीराम सकाळी आठ वाजता ओट्यावर ऊन खात बसला होता. समोरच्या दारच्या अंबूबाईला हे दृश्य सोसेना. तिनं शेणाची पाटी खाली ठेवली आणि त्याच्या बायकोला हाळी दिली.

"अगं ए मंजुळे! नवरा घरी गं कसा? बरं न्हाई व्हय?"

मंजुळाबाई म्हशीखाली बसली होती. धार न तोडता ती म्हणाली, "तसं न्हाई आत्याबाई. त्यास्नी लिव्हिदौटपे हाय. सा म्हैनं."

रेल्वेच्या कारकुनानं सांगितलं होतं, लीव्ह विदाउट पे. म्हणजे बिनपगारी रजा. पण सांगताना कारकुनाच्या तोंडात पान होतं आणि ऐकताना ज्योतीरामच्या कानाशी इंजिन होतं. मंजुळाबाईपर्यंत येईतो शब्दाचे सांधे निखळले होते.

"अगं आई गं! सा म्हैनं?" अंबूबाई उंबऱ्यावरच बसली. "आन् मग?"

"मग बघायचं," मंजुळाबाईनं सुस्कारा टाकला.

झालं. तीन दारं ओलांडेपर्यंत रजेचा रोग झाला. संध्याकाळी अंबूबाई अडुळशाचा काढा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कुणी भोपळ्याचा रस दिला, कुणी दिघीच्या वैदूचा पत्ता दिला. शेजारचे उद्धवराव परभणीकडचे. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला होता, तिथं ते फाटकावर पहारा द्यायचे, त्यामुळं गल्लीत त्यांना अर्धा डॉक्टर समजत. ते ज्योतीरामचं मनगट धरून नाडी मोजत बसले.

"भौ, हे साहेब लोकायचं दुखणं हाय," शेवटी ते म्हणाले. "तुम्हाला कसं काय लागलं म्हन्तो मी?"

"अवो उद्धवराव, रजा हाय ती! रजा! माझी मीच मागून घेतली."

"मागून?" उद्धवरावांनी मनगट सोडलं. "हातपाय धड असताना? पगार न घेता?" मग मंजुळाबाईकडं वळून, हलक्या आवाजात, "वैनी, डोक्यात बी गेलंय वाटतं."

ज्योतीरामनं दोन-चार जणांना समजावून पाहिलं, मग नाद सोडला. रोग म्हटलं तर लोक काढा देत होते. रजा म्हटलं की सल्ला. त्यापेक्षा काढा परवडला.

त्याचं काम होतं चाकं ठोकायचं. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळाच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. खणखणीत बोललं तर पुढं. बद्द बोललं तर कुठंतरी चीर आहे. त्यावर खडूनं फुली मारायची, मुकादमाला हाक द्यायची, आणि पुढं. बावीस वर्षं ठण्ण, ठण्ण, ठण्ण. स्टेशनात त्याला ठोक्या म्हणत आणि तो 'ओ' देत असे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो मेलचे सगळे डबे ठोकून शेवटाला पोचला, आणि आपण यातलं एक तरी चाक ऐकलं का, हे त्याला आठवेना. हात चालला होता. कान कुठं होता कोण जाणे. तो उलट फिरला आणि पहिल्या चाकापासून पुन्हा सुरू झाला. गाडी सात मिनिटं खोळंबली. साहेब धावत आला.

"क्या मिला?"

"कुछ नहीं, साब."

"फिर?"

साहेब निघून गेला, पण तो 'फिर' ज्योतीरामच्या डोक्यात बसून राहिला. तीन बोलकी चाकं गेली, चौथं गेलं, फिर? वयाची चव्वेचाळीस वर्षं झाली, फिर? आठवड्यानं त्यानं रजेचा अर्ज दिला. एक जूनला हजर व्हायचं, नाहीतर नाव कटणार.

घरी खायची पंचाईत नव्हती. थोरला दापोडीला वर्कशॉपात चिकटला होता, दोन म्हशी होत्या. पण रेल्वेची नोकरी एकदा गेली की गेली, आणि या वयाच्या माणसाला दारात कोण उभं करणार? मंजुळाबाई चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "एक जूनला तुमी कुठं असणार, ते मला कवा कळंल?"

"मलाच कळंना अजून."

"मग हुडका. निसतं ऊन खाऊन घावायचं न्हाई ते."

तो हुडकायला लागला. हुडकायचं म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळं तो नुसता हिंडला. पिंपळे गुरवला जाऊन मोटेची चाकं पाहिली, काळेवाडीला एका सुताराशेजारी दिवसभर बसला. आणि जाईल तिथं ठोकत सुटला. बोटाचं पेर वाकवून देवळाचा खांब ठोक, घंगाळं ठोक, दुसऱ्याच्या दाराची फळी ठोक. "आता हातात उतरलाय त्येचा रोग," अंबूबाईनं गल्लीला कळवलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुंभाराच्या ढिगाशी बायका सुगडं निवडत होत्या. ज्योतीराम उभ्या उभ्या एकेक वाजवायला लागला. "हे घ्या. हे नको, बद्द बोलतंया. ही दोन घ्या." बायकांना गंमत वाटली, त्या आपापली सुगडं त्याच्यापुढं धरायला लागल्या. कुंभाराच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"पाव्हणं," तो म्हणाला, "बायकू हाय का घरी?"

"हाय की."

"मग तिला जाऊन वाजवा. माझा धंदा नका वाजवू!"

बायका हसल्या. त्यांच्या मागं एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूसही हसत उभा होता. अकबरभाई. मूळचा मिरजेचा, बाजाराच्या तोंडाशी ढोलक्या, तबले आणि भजनातले पखवाज दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. त्यानं ज्योतीरामला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

"तुम्हीच ते लिव्हवाले आजारी काय हो?"

"मीच."

"चला की जरा. एक आवाज ऐकवतो."

दुकानात भजनी मंडळाचा पखवाज होता. अकबरभाईनं छोटी हातोडी पुढं केली. पखवाजाच्या तोंडाभोवती चामड्याचा पीळदार गजरा असतो; त्यावर ठोके देऊन सूर चढवतात, उतरवतात, आणि सगळ्या बाजूंनी तो सारखा यावा लागतो. ज्योतीरामला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यानं बोटानं कडेकडेनं वाजवलं, एका जागी थांबला, मागं आला, पुन्हा वाजवलं. कोपऱ्यात खडू होता. त्यानं गजऱ्यावर नीट फुली मारली आणि हात झाडून बसला.

अकबरभाईनं तीच जागा वाजवली आणि भुवया वर केल्या. "अगदी बरोबर. मी दोन दिवस शोधत होतो." मग तो थांबला. "बरं, पुढं?"

"पुढं काय? फुली मारली की."

"फुली मारल्यानं वाजतो काय हो पखवाज?"

"न्हाई, पण... ते म्होरल्या माणसाचं काम."

"म्होरला माणूस कोण? दुकानात मी आन् तुम्ही. मी तर चहा पितोय."

ज्योतीराम हातोडी घेऊन बसून राहिला. बावीस वर्षांत किती फुल्या मारल्या असतील! त्या चाकांना पुढं कुठं नेत, कोण नीट करत, नीट झालं की ती कशी बोलत, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. चाक चिरलं की त्याचं काम संपायचं. त्यानं भीत भीत गजऱ्यावर एक ठोका दिला. सूर हलला. दुसरा दिला. आणखी हलला.

"आता?" अकबरभाईनं विचारलं.

"आता वंगाळ न्हाई."

"वंगाळ नाही ते मलाबी कळतंय. बरोबर हाय का?"

ज्योतीरामनं कान लावला. वाईट ओळखणारा त्याचा कान बरोबरपाशी बहिरा होता. "म्हाईत न्हाई बा," तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट माहीत नसल्याचा आनंद झाला.

त्या दिवसापासून तो रोज जाऊ लागला. मार्च गेला, एप्रिल गेला. कधी सूर जुळे, बहुतेकदा नाही. मेच्या मध्यावर उद्धवराव उड्या मारत आले.

"भौ, काम झालं तुमचं! कारखान्यात माणसं घेऊलालेत. बाटल्या उजेडापुढं धरायच्या, तडा दिसला की बाजूला ठेवायची. तुमचाच धंदा, निसता कानाच्या जागी डोळा!"

मंजुळाबाईनं भाकरी थापता थापता नवऱ्याकडं पाहिलं.

"आन् बाजूला ठिवल्याली बाटली?" ज्योतीरामनं विचारलं. "तिचं फुडं काय?"

"मला काय ठाव? फोडत असतील. तुम्हाला काय करायचंय?"

"त्येच तर," ज्योतीराम म्हणाला. "मला त्येच करायचंय."

उद्धवरावांनी मंजुळाबाईकडं पाहून मान हलवली. ते गेल्यावर तिनं तवा उतरवला. "आन् अकबरभाईंकडं जमतंय म्हणायचं का?"

"न्हाई. वरीस-दीड वरीस लागंल म्हणत्यात. त्येबी जमलं तर."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर रेल्वेबी न्हाई आन् हेबी न्हाई."

तिनं त्याला दोन भाकरी वाढल्या. सकाळी मात्र तो पुण्याला निघाला तेव्हा तिनं त्याचा इस्तरीचा सदरा बाहेर काढून ठेवला होता. राजीनामा घेताना कारकुनानं पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि विचारलं, "कारण?"

"शिकायला चाललोय," ज्योतीराम म्हणाला. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं आणि 'घरगुती' असं लिहिलं.

एक जूनला तो अकबरभाईच्या दुकानात मांडी घालून बसला होता. पखवाजाच्या तोंडावर काळ्या शाईचा थर चढवायचा, दगडानं घासून वाळवायचा, मग दुसरा थर. दुपारी मंजुळाबाई दूध घालून परतताना दाराशी थांबली. नवऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"अहो, डोकं वाकवून ऐकता काय!" अकबरभाई खेकसत होता. "अजून बोलायचं नाही ते. आधी घासा!"

रेल्वेत त्याला असं कुणी बोललं असतं तर तो दोन दिवस जेवला नसता. इथं तो "व्हय व्हय" म्हणत मुकाट घासत होता.

"अकबरभाई," मंजुळाबाईनं दारातूनच विचारलं, "खरं सांगा. जमंल का यास्नी?"

अकबरभाईनं थरावरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं.

"हा थर गेला, वैनी. खरवडायला लागणार."

ज्योतीरामनं खरवडणी उचलली. "म्होरचा थर कसा चढवायचा ते दावा," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून खरवडायला लागला.