ऑपरेटरसाहेब आणि फळ्यावरचे अकरा बाण

आमच्या विद्यापीठाचे टेलिफोन एक्स्चेंज बंद झाले, तेव्हा ऑपरेटरसाहेबांचे काय करायचे हा प्रश्न प्रशासनाने नेहमीच्या तत्परतेने, म्हणजे दीड वर्षाने, हाती घेतला. साहेब जन्मांध. सव्वीस वर्षे त्यांनी कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सर्वांचे फोन जोडले. कोण खरोखर संतापला आहे आणि कोण उगाच आवाज चढवतो आहे, हे त्यांना पहिल्या ‘हॅलो’तच कळे. आता त्यांची रवानगी भांडारात, मोडक्या खुर्च्यांच्या राखणीला होणार होती. तेवढ्यात ‘तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय’ या विषयाचा संशोधन गट निघाला आणि सर्वांना सामावून घ्यायचे म्हणून गटप्रमुख बाईंनी साहेबांना मागून घेतले. वर्षभर काम दिसले तर जागा कायम, नाहीतर भांडार.

गटातली माणसे सज्जन होती. इतकी, की साहेबांचा हात धरायला तिघे एकदम धावत आणि चौघेही दारात अडकत. बैठकीत पांढऱ्या फळ्यावर बाण, वर्तुळे, रंगीत चिठ्ठ्या. शेवटी फळ्याचा फोटो काढून सर्वांच्या मोबाइलवर. हेच इतिवृत्त. साहेबांचा फोन आलेला मजकूर वाचून दाखवी. दर मंगळवारी तो एकच शब्द बोले: “चित्र.”

नवख्याने लगेच कुरकुर करू नये, असा साहेबांचा समज. या बाबतीत माझ्यापासून त्यांना पुष्कळ शिकता आले असते.

आठव्या बैठकीला आस्थापना विभागातर्फे मी हजेरीपट घेऊन गेलो होतो. बाई हळूच म्हणाल्या, “साहेब, तुमचं टिपण आलं नाही. शुक्रवारची मुदत होती. मला वर कळवावं लागेल हो.”

“कसलं टिपण, बाई?”

“अहो, पिवळ्या चिठ्ठीवर तुमचं नाव होतं की! मुद्दाम ठळक लिहिलं होतं.”

“पिवळी होती का? मी हिरवी समजून बसलो.”

संगणक शिकवणारे सर हसले आणि अर्ध्यावरच थांबले. साहेबांनी फोन टेबलावर ठेवून सुरू केला. “चित्र. चित्र. चित्र.” सात वेळा.

बाईंचा चेहरा उतरला. “आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही सगळे न्यायावर बोलत होता. मध्ये कशाला तोंड घालायचं?”

मग बाईंनी फळा मोठ्याने वाचायला घेतला. “हा बाण ‘समाज’कडून ‘यंत्रा’कडे जातो.”

“का जातो?” साहेबांनी विचारले.

“सर, का जातो हो?”

“मला काय विचारता? तुम्हीच काढलात ना!”

ज्यांचे ‘का’ कोणालाच सांगता येईना ते बाण पुसले गेले; अकरांपैकी चार उरले. त्या चारांवर साहेबांनी तिथेच तोंडी टिपण सांगितले. सरांनी निमूटपणे उतरून घेतले. बाईंनी वर कळवले खरे, पण चूक गटाची म्हणून, आणि इतिवृत्त यापुढे ऑपरेटरसाहेब सांगतील म्हणून.

बैठका आता दुप्पट लांबतात, हजेरीपट घेऊन मी ताटकळतो, आणि या विलंबाची लेखी तक्रार मी केलेली आहे. वर्षअखेरीस साहेबांची जागा कायम झाली. आदेशाचा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला.

“तिसरं वाक्य फार लांबलंय हो,” ते म्हणाले.

मी ते तोडले. बावीस वर्षांत माझा मसुदा इतक्या लक्षपूर्वक कोणी ऐकला नव्हता.