बादलीत राहिलेला सहावा मासा

मित्रांनो, दुपारपासून माझं कशातच लक्ष नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज आमचे सहा कुहली लोच मोठ्या टाकीत हलवले. गांडुळासारखे पट्टेरी मासे, सदा तळाशी लपणारे. त्यांच्यासाठीच चार फुटी टाकी घेतली, चिक्कडपल्लीच्या बाजारातून बारीक वाळू आणली.

नव्या टाकीत सोडताना मोजले, तर पाचच! जुन्या टाकीतले खडे मी तासाभरापूर्वी बाल्कनीतल्या बादलीत ओतले होते. मी तशीच बाल्कनीकडे धावले.

माझे सासरे, म्हणजे बाबा, या टाकीच्या पहिल्यापासून विरोधात. "घर आहे का दुकान?" म्हणायचे. तेच चष्मा लावून, परात घेऊन खाली बसले. "नक्को परेशान होऊ बेटा," म्हणाले आणि डाळ निवडावी तसे मूठमूठ खडे निवडू लागले.

अगदी तळाच्या ओल्या खड्यांत तो सापडला. वळवळला! बाबांनीच ओंजळीतून त्याला टाकीत सोडलं.

आता तो लाकडाखाली शिरलाय, बाहेर यायचं नावच नाही. मी दर पाच मिनिटांनी वाकून बघतेय. बाबा तर टाकीसमोरच खुर्ची टाकून बसलेत.

तुमच्यापैकी कुणी लोच पाळलेत का? असा घाबरलेला मासा खायला कधी लागतो?

बाबा विचारताहेत.