उखळातला हात

भोरच्या आमच्या मुलींच्या शाळेत ताल शिकवणारे मास्तर कमी बोलत; बोटं मात्र सतत बाकावर, छत्रीवर वाजत. चौथीच्या मुली टाळ्या देताना हमखास लयीच्या पुढे पळायच्या. मोठ्या बाईंनी मास्तरांना बजावलं, "उद्या लय सुटली तर तुमचा तास बंद."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाईंसमोर उखळ मांडलं. दोघी मुली आळीपाळीने भात कांडू लागल्या, आणि मास्तरांनी तबला वाजवणारा उजवा हात दोन घावांच्या मधे दाणे सारायला आत घातला.

"मास्तर, हात काढा, लागंल!"

"तुमी पळला न्हाईत तर न्हाई लागत."

इंग्रजी शिकवणारी मी भिंतीशी उभी राहून मनात इंग्रजीत मात्रा मोजत होते. आठाच्या पुढे मोजवेना.

बाई हळूच म्हणाल्या, "पुरे, मास्तर. तास राहील."

"मग आजचा तास संपू द्या," ते म्हणाले. हात आतच होता.