धावपट्टीवरच्या कुरडया

विमान उतरायच्या पट्टीवर मी एकदा कुरडया वाळत घातल्या होत्या. चुकून नव्हे, चांगला विचार करून. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळाला होता. ती आली नाही, त्याला कोण काय करणार? चार जुनी पांढरी पातळं, त्यावर दोन दिवस राबून घातलेल्या कुरडया आणि वाऱ्यानं पातळं उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. विमानाच्या वाटेत इतक्या टापटिपीनं दगड मांडणारी बाई तुम्ही दुसरी पाहिली नसेल.

ही गोष्ट मी बारशात, डोहाळजेवणात कितीदा तरी सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. ‘आमच्या आजीनं विमान परत पाठवलं’ असं माझी नातवंडं शाळेत सांगून आली आहेत. पण मी ती नेहमी अर्ध्यावर तोडते. उरलेली अर्धी हवालदारांची आहे.

हवालदार म्हणजे पोलीस नव्हेत, फौजेतले. आमच्या भागात दर दुसऱ्या घरात एक फौजी आणि दर तिसऱ्या घरात त्याच्या गोष्टींना कंटाळलेलं माणूस असतं. हे मात्र गोष्टी सांगत नसत. उंच, वाळकी काठी जशी, आणि कपाळावर कायम आठी, जणू कुणीतरी नुकतंच यांच्या शेतातून जनावर नेलंय. दिवसातून दहादा ते करंगळी तोंडात ओली करून वर धरायचे. वारा कुठून येतोय ते बघायला. पट्टीवर त्यांच्या डोक्यावरच खांबाला वारा दाखवणारा नारिंगी कापडाचा फुगीर पायमोजा लटकत असायचा. मी एकदा म्हटलं, “अहो, ते कापड आहे की, बोट कशाला!”

“ते कापड सरकारी हाय वैनी,” ते म्हणाले. “बोट माजं हाय.”

गावामागच्या माळावरची ती पट्टी फार पूर्वीची. कुणा मोठ्या माणसांची विमानं उतरावीत म्हणून बांधलेली. मोठी माणसं मोटारींनी येत राहिली आणि पट्टी आमच्या उपयोगी आली. तिच्यावर ज्वारी वाळली, शेंगा वाळल्या, अर्धा गाव स्कूटर शिकला. डांबर असं तापायचं, की सकाळी घातलेली कुरडई दुपारी खुळखुळ्यासारखी वाजायची. मी माहेरची वाईची. तिथं घाटावर कपडे वाळत घालताना देवळाची माणसं ओरडायची. इथं ओरडायला कुणीच नाही, याचं मला केवढं कौतुक!

मग विमान शिकवायची शाळा आली. आली म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन विमानं, तीन विद्यार्थी आणि पाटी मात्र अशी, की उंब्रजच्या बाजारातून वाचता यावी. गावानं रीतसर टिंगल केली. “ऊस न्यायला ट्रॅक्टर गावंना, आन् ही विमानं शिकवत्यात!” मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन जेवणाचे डबे देते म्हणून सांगून आले. तत्त्वाची मी पहिल्यापासून पक्की.

हवालदारांना त्यांनी पट्टीवर ठेवलं. काम काय, तर पट्टीवरून कुत्री, शेळ्या आणि आम्हा बायकांना हाकलणं. एक शिट्टी, एक लाल निशाण. पण माणसानं ते काम असं अंगाला लावून घेतलं, की बघत राहावं. रोज पहाटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन खडा न् खडा वेचायचे. दोन विमानांना नावं ठेवलेली, ढवळी आणि तांबडी. ढवळी उतरायला लागली की ओठातल्या ओठात पुटपुटायचे, “ये, ये... सावकास... हां, बास.” कुणी विचारलं तर एकच वाक्य: “आभाळ सरकारचं, पट्टी माजी.”

दुपारी ते माझ्या ओसरीवर जेवायचे. ताटात वाढलं की पहिल्यांदा म्हणायचे, “वैनी, जरा मीठ.” मला वाटायचं, फौजेतली सवय असेल. माझ्या हाताला चव आहे याबद्दल मला तरी कधीच शंका नव्हती.

आता ती कुरडयांची दुपार.

हवालदारांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, यंदा पट्टीवर काही घालायचं नाही. माझ्या दारात ते जरा जास्तच थांबले. “बाकीच्या ऐकतील का न्हाई, ठावं न्हाई. पर वैनी, तुमी तरी नगा.”

“छे हो!” मी म्हटलं. “मी काय अडाणी आहे?”

त्या प्रश्नाचं उत्तर आठ दिवसांत मिळालं. डबे देता देता मी पोरांकडून माहिती काढली होती, की उन्हाळ्यात दुपारी विमानं उडत नाहीत. तापलेल्या हवेत हेलकावे बसतात. झालं! मला वाटलं, विमानविद्या आपल्याला आली. हवालदार लांबच्या टोकाला कुत्री हाकलायला गेलेले पाहिले आणि मी या टोकाला पातळं पसरली. सकाळी धुकट होतं, म्हणून सगळ्यांना निघायला उशीर झाला होता आणि एक मुलगी एकटीच सांगलीकडे जाऊन अजून परत यायची होती, हे त्या विमानविद्येत नव्हतं.

आवाज आला तेव्हा मी बाभळीखाली बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होत होते. कुंडलच्या बाजूनं ढवळी येत होती. खाली खाली येत होती. आणि पट्टीवरून हवालदार पळत येत होते. साठीला आलेला माणूस, एका हातात निशाण, तोंडात शिट्टी. शिट्टी फुंकायला श्वास कुठला उरलेला! त्यांनी दगड लाथेनं उडवले, दोन पातळं एकदम ओढली, तिसरं ओढलं. चौथं राहिलं. ते त्या चौथ्यावर उभे राहिले आणि निशाण हलवू लागले.

मी काय केलं? मी बाभळीमागे गेले.

ढवळी त्यांच्या डोक्यावरून गरजत पुन्हा वर चढली. लांब वळसा घालून आली, तोवर पट्टी मोकळी होती. ती मुलगी उतरली. एकवीस वर्षांची, केरळची, पहिल्यांदाच इतक्या लांब एकटी गेलेली. विमानातून बाहेर आली आणि खालीच बसली.

वायुसेनेतून निवृत्त झालेले शाळेचे मोठे साहेब जीपमधून आले. त्यांनी पातळांकडे पाहिलं. “ये किसका है?”

बाभळीपासून तिथपर्यंत पंधरा पावलं असतील. त्याच आठवड्यात शाळेच्या खानावळीचं काम मला द्यायचं की कऱ्हाडच्या कुणाला, ते ठरायचं होतं. मी मनात म्हटलं, आता सगळे तापलेत, उद्या शांतपणे सांगू. भित्र्या माणसाला शांतपणाची फार आवड असते.

हवालदारांनी एकदा बाभळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पट्टी माजी हाय साहेब. मग पट्टीवरचं बी माजंच.”

साहेब चांगले होते, म्हणून नोकरी गेली नाही. पट्टी गेली. दुसऱ्या दिवसापासून हवालदार फाटकावर. आडवा बांबू वर करायचा, गाडी आत घ्यायची, बांबू खाली करायचा. खानावळीचं काम मला मिळालं.

मग शाळा वाढली. अशी वाढली, की टिंगल करणाऱ्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. पत्र्याच्या खोलीची दुमजली इमारत झाली, वसतिगृह झालं, पट्टीभोवती तारेचं कुंपण, खांबाखांबावर कॅमेरे. दोनाची अकरा विमानं झाली. मणिपूरची, दिल्लीची, लातूरची पोरं माझ्या हातची आमटी खाऊन आभाळात जाऊ लागली आणि जेवताना मीठ मागू लागली. जिथं एक माणूस खडे वेचायचा तिथं झाडणारी गाडी आली. माझा सांगायचा उद्याही वाढत गेला.

हवालदार फाटकावर बसून विमानं मोजायचे. नवीन विमानांना नावं त्यांनी ठेवली नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “आता ती दुसऱ्याच्या गोठ्यातली हायत.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी गेलं.

पण पोरं चतुर असतात. त्या केरळच्या मुलीनं जाण्यापूर्वी मागच्यांना काय सांगून ठेवलं कोण जाणे. पहिल्यांदा एकट्यानं उडायच्या दिवशी प्रत्येक पोरगं आधी फाटकावर यायचं. “काका, हवा?” हवालदार करंगळी ओली करायचे, वर धरायचे, डोळे मिटायचे. “पश्चिमेची हाय. जा निवांत.” आत लाखमोलाची यंत्रं हेच सांगत असायची, तरी पोरं बोट बघितल्याशिवाय विमानात बसत नसत. साहेबांना माहीत होतं. ते त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची त्यांच्यात रीत आहे. हवालदारांनी काम सोडलं त्या दिवशी पोरांनी ती बादली फाटकावर आणली आणि त्यांच्या डोक्यावर रिकामी केली. कडक इस्त्रीचा गणवेश चिंब. ते ताठ उभे, सॅल्यूट करून, नाकावरून पाणी ठिबकतंय. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. साहेबांनी विचारलं, “किसी को कुछ बोलना है?” मला बोलायचं होतं. मी म्हटलं, “जेवण तयार आहे.”

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हवालदार गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच. माझा उद्या तिथं संपला.

या उन्हाळ्यात मी कुरडया केल्या, माझ्याच गच्चीवर वाळवल्या आणि डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको गोठ्यात होती. हात पुसत बाहेर आली. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर पुन्हा शांतपणा आठवला असता. पातळं, दगड, बाभळ, खानावळ. तुमच्या नवऱ्याची पट्टी माझ्यामुळे गेली, म्हटलं.

तिनं माझ्या हातातला डबा घेतला. झाकण उघडून बघितलं. आणि म्हणाली:

“आवं अक्का, त्या कुरडया त्यांनी गोळा करून घरी आणल्या हुत्या. कुणाच्या, ते शेवटपातूर बोलले न्हाईत. पर मी चार तळल्या, एक तुकडा तोंडात टाकला, आन् वळीखलं. अख्ख्या गावात एवढं कमी मीठ तुमचंच. त्यास्नी म्हनलं, जाऊन इचारू का? तर म्हनले, नगं, येतील आपल्या पायानं. लय येळ लावलासा बगा. या आत, चा ठेवते. आन् ह्या डब्यातल्यात तरी मीठ बरूबर घातलंय न्हवं?”