खंडेनवमी झालेला लॅपटॉप

मावशी लॅपटॉप आधी उघडायची नाही. हातात आला की पहिल्यांदा पालथा घालायची, तळाच्या जाळीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "तोंड काय, सगळ्यांचंच गोड असतंय. पाठ बगायची."

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती झाडलोट करायची. कॉलेजचं माणूस नव्हे, ठेकेदाराने पाठवलेली बाई. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना सगळे मावशी म्हणतात आणि ओळख तिथेच संपते.

पूर्वी शाहूपुरीतून एक मेकॅनिक दर महिन्याला लॅबमध्ये यायचा. मशीन उघडलं की आत उजेड धरायला त्याला माणूस लागायचं. मावशीने आठ वर्षं त्याची बॅटरी धरली. तो यायचा बंद झाला तेव्हा स्क्रू ड्रायव्हर तिनेच उचलला. स्क्रू ठेवायला घरचा जुना मिसळणाचा डबा आणला. बिजागरीचे एका वाटीत, पंख्याचे दुसरीत, तळाचे तिसरीत. आम्ही हसलो की म्हणायची, मोहरीत जिरं पडलं तर आमटी बिघडत नाही, पण लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वर कीबोर्डला फोड येतो. तिने जिवंत केलेल्या मशीनची नोंद रजिस्टरमध्ये व्हायची. 'दुरुस्ती' या रकान्यात लॅबच्या सरांची सही असायची.

मी हातकणंगल्याजवळच्या खेड्यातून रेल्वेने यायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सर शिकवायचे ते वहीत उतरायचं, डोक्यात उतरवलं मावशीने. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ, एवढ्यावर तिने मला परीक्षेतून बाहेर काढलं. फडताळ कितीही मोठं असू दे, ओटा वीतभर असला तर भाकरी थापणार कुठं? स्क्रीन बघायची तर समोर बसून नाही, कडेला उभं राहून. चांगला पडदा कडेनंही तोच रंग दाखवतो, हलका पडदा काळवंडतो. आणि फार चकाकणारा घेऊ नको, त्यात तुझंच तोंड दिसंल, अभ्यास न्हाय.

शेवटच्या वर्षी एका ट्रस्टने आमच्यातल्या बारा मुलींना नवे लॅपटॉप द्यायचं ठरवलं. ज्यांच्या घरी नाही अशा बारा. त्यांत मी होते. लॅब पाचला बंद व्हायची आणि प्रोजेक्ट अर्धा राहायचा, त्यामुळे त्या लॅपटॉपवर माझं वर्ष अडकलेलं होतं. पैसे ट्रस्टचे होते, माल एका दुकानदाराचा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खोकी आली. मावशीला पुसून रिबिनी बांधायला सांगितलं होतं, मी मदतीला होते. तिने पहिला लॅपटॉप पालथा घातला आणि थांबली. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, तळाच्या जाळीत घालून खरवडलं. पांढऱ्या फडक्यावर लाल पूड पडली. मग चार्जरची खाच खरवडली, तिथून पिवळी.

तिने बोटाला लावून वास घेतला. "ह्याची खंडेनवमी झालीया."

मला कळायला एक क्षण लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हपिसाहपिसांत मशीनला हळदकुंकू वाहतात, आणि ते निवडून काढायला पुढचे पंधरा दिवस मावशीसारख्यांचे जातात. कुंकू जाळीत कसं बसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे हे लॅपटॉप कुठल्यातरी कचेरीत पुजले गेले होते. वापरून, पुसून, नव्या खोक्यात घालून आमच्याकडे आले होते. तिने मोजून बाराही बघितले. स्क्रूची डोकी खरचटलेली. दोन पडद्यांच्या कोपऱ्यात पिवळा डाग. एकाची बॅटरी फुगून तळ उचललेला. चार्जर तीन जातींचे.

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, मावशी, धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजता? बॅनर लागलाय, पाहुणे येतायत.

"दात मोजत न्हाय सर," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या गोठ्यात म्हातारी झालेली गाय कालवड म्हणून बांधत्यात, त्येला न्हाय म्हणतोय."

सरांनी तिला फडकं मारायला पाठवलं.

आता लाजेची गोष्ट सांगते. त्या दिवशी सरांपेक्षा जास्त आम्ही मुली तिच्यावर चिडलो. जुना तर जुना, मिळतोय तर मिळू दे. मीच तिला म्हणाले, "मावशी, तुला काय करायचंय? आमच्या ताटात माती कालवू नको."

तिने रिबीन बांधता बांधता वरही बघितलं नाही. "गरिबाच्या पोरीला नवं दिसतंय म्हणून काय बी द्यायचं, व्हय? परीक्षेदिवशी बंद पडला की तुलाच म्हणतील, हिला वापरता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. ट्रस्टच्या एक वयस्कर बाई मुख्य पाहुण्या होत्या. रिवाजाप्रमाणे एका लॅपटॉपला कुंकू लावून वाटप सुरू करायचं होतं. ताट धरून मावशी स्टेजवर उभी. बाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि मावशीने ताट मागे घेतलं.

"बाई, ह्येला एकदा कुंकू लागलंया. आता परत कशाला?"

माईक समोरच होता. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं, लॅपटॉप मागितला. तिने तो पालथा करून हातात दिला, वर सेफ्टी पिन दिली. बाईंनी चष्मा लावला आणि भर स्टेजवर स्वतः जाळी खरवडली.

वाटप झालं नाही. फोटो निघाला नाही. मी रिकाम्या हाताने गाडीत बसले आणि हातकणंगले येईपर्यंत मनात तिला शिव्या दिल्या.

पुढच्या सोमवारी लॅब झाडायला दुसरी बाई होती. ठेकेदाराला सांगितलं गेलं होतं की आधीची बाई उद्धट आहे. कुणी म्हणालं बिद्रीकडे भावाकडे गेली, कुणी म्हणालं जोतिबाच्या वाटेवर दुकानात बसते. मी दोन्हीकडे जाऊन आले. नव्हती.

दीड महिन्याने दुकानदाराने बारा नवे लॅपटॉप पाठवले. सरांनी रजिस्टर पुढे केलं, मुलींनो, सह्या करा. आम्ही केल्या नाहीत. बाराजणी खाली बसलो, एकेक लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू बघितले, कडेला उभं राहून पडदे बघितले, चार्जर जुळवले. दुकानदाराचा माणूस दारात ताटकळला. दोन तास गेले. माल खरा होता.

मग मी सही केली. शेजारी रकाना होता, 'तपासणी करणाऱ्याचे नाव'. तिथे मी लिहिलं, मावशी. माझ्याखाली अकराजणींनी तेच लिहिलं.

सर म्हणाले, "हे काय नाव झालं? खरं नाव लिहा."

"सांगा की सर," मी म्हणाले. "लिहितो."

सरांनी क्लार्ककडे बघितलं. क्लार्कने शिपायाकडे. शिपायाने आमच्याकडे. आम्ही बाराजणी एकमेकींकडे बघत राहिलो.